यजमानांची वही: एका पुरोहिताच्या पथ्याचं प्रकरण

हे प्रकरण मार्च 2024 ते जुलै 2025 या काळातलं आहे. ज्यांचं आहे त्यांनी वाचून होकार दिल्यावरच ते लिहिलं आहे. गाव, वय आणि घरातले काही तपशील बदलले आहेत. मी त्यांना गुरुजी म्हणते, इथेही तेच नाव ठेवलं आहे.

पार्श्वभूमी

"ताई, मासे नाहीत, फेणी नाही, तंबाखू नाही. मग मला कसा काय झाला?"

मी फोंडा तालुक्यात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. नव्याने मधुमेह कळलेले लोक समोर बसले की पहिला प्रश्न साधारण असाच असतो, फक्त शब्द बदलतात. गोव्यात मधुमेह म्हटलं की बोट आपसूक हुमणाकडे, म्हणजे माशांच्या कालवणाकडे, आणि बाटलीकडे जातं. जून 2023 मध्ये आयसीएमआर-इंडियाब या देशभरच्या मधुमेह पाहणीचे आकडे आले. देशात मधुमेहींचं प्रमाण 11.4 टक्के आणि गोव्यात 26.4, म्हणजे सगळ्या राज्यांत वरचा नंबर आमचा. तेव्हाही चर्चा माशांवर आणि दारूवरच घसरली होती. गुरुजींच्या घरात या दोन्ही गोष्टी कधी आल्या नाहीत. वडिलांना मात्र 'मधुप्रमेह' होता, असं त्यांनी मागाहून सांगितलं.

वय पंचावन्नच्या आसपास. आजोबांपासून भिक्षुकी. तालुक्यातली चाळीसेक घरं त्यांच्याकडे बांधलेली, शिवाय एका देवस्थानात पाळीची पूजा. घरी काकू आणि वेर्ण्याच्या कारखान्यात नोकरी करणारा मुलगा. 2024 च्या महाशिवरात्रीच्या सुमारास नारळ फोडताना करवंटीचा तुकडा उडून पायाच्या अंगठ्याला लागला. देवळात अनवाणी वावर, दिवसभर पाणी. तीन आठवडे झाले तरी जखम ओलीच, तेव्हा मुलगा त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेला. उपाशीपोटी साखर 188, जेवणानंतर दोन तासांनी 296. मागच्या तीन महिन्यांचा अंदाज देणारी एचबीए1सी 9.2 टक्के. वजन 78 किलो, उंची 165 सेंटिमीटर, पोटाचा घेर 102. मूत्रपिंडाची तपासणी ठीक, डोळ्यांचा पडदाही ठीक. डॉक्टरांनी मेटफॉर्मिन 500 दिवसातून दोनदा सुरू केलं, पायाची पट्टी करून दिली आणि आहारासाठी माझ्याकडे पाठवलं.

पहिला सल्ला

एप्रिलच्या सुरुवातीला पहिली भेट झाली. मी पद्धतीप्रमाणे विचारलं: काल सकाळपासून रात्रीपर्यंत काय काय खाल्लंत? उत्तरं काकूंनी दिली. सकाळी चहा आणि पोहे किंवा घावन. दुपारी उकड्या तांदळाचं शीत, वरण, एक भाजी, सोलकढी. चारला चहा, मुलाने आणलीच तर पोई, म्हणजे भुसा लावलेला इथला पाव. रात्री पुन्हा शीत आणि दुपारचंच तोंडीलावणं. गुरुजी शेजारी गप्प बसून होते. मला तो त्यांचा समंजसपणा वाटला.

त्यावरून मी दीड हजार कॅलरींचा तक्ता बेतला. भात एका वाटीवर आणला. वरणाची आमटी करायला सांगितली, कारण काकूंच्या वरणात डाळीपेक्षा पाणी जास्त होतं आणि शाकाहारी माणसाला प्रथिनं तिथूनच मिळायची. तांबडी भाजी, भेंडी, दुधी यांचं प्रमाण दुप्पट केलं. चहातली साखर बंद केली. नाचणी चालेल, असं मी सांगितलं. पोईबद्दल सांगितलं की भुसा दिसतो म्हणून ती पथ्याची समजू नका. बऱ्याच ठिकाणी आत मैदाच असतो आणि भुसा वरून लावलेला. अर्धी खा.

काकूंनी तो तक्ता फ्रिजवर चिकटवला आणि अक्षर न् अक्षर पाळला. एका बाबतीत जरा जास्तच पाळला: नाचणी चालते म्हटल्यावर त्या रोज सकाळी गूळ आणि नारळाचा रस घालून तिजण, म्हणजे नाचणीची गोड पेज, करू लागल्या. ते मला महिनाभराने कळलं. दोष माझाच. 'नाचणी' म्हणताना माझ्या डोळ्यासमोर भाकरी होती. गोव्यात नाचणी म्हटलं की आधी तिजण आठवतं, हे मी विसरायला नको होतं.

अडचण

जूनच्या अखेरीला एचबीए1सी 8.4 आली. वजन दीड किलोने उतरलेलं. वरवर पाहता बरं वाटावं असा आकडा. पण मेटफॉर्मिन नियमित घेतलं तर नुसत्या गोळीनेच एक टक्क्याच्या आसपास उतार पडतो. म्हणजे माझ्या तक्त्याची कमाई जवळजवळ शून्य. डॉक्टरांनी मेटफॉर्मिन वाढवलं आणि सकाळी घ्यायला ग्लिमेपिराइडची एक गोळी जोडून दिली.

काकूंना रडू आलं. "मी चमच्याने मोजून वाढते," त्या म्हणाल्या. मी त्यांच्यावर विश्वास ठेवला, आणि म्हणूनच गुरुजींकडे वळून जो प्रश्न एप्रिलमध्ये विचारायला हवा होता तो आता विचारला: "गुरुजी, तुम्ही घरी जेवता किती दिवस?"

त्यांनी पिशवीतून वही काढली. लांबट, लाल पुठ्ठ्याची, यजमानांच्या नेमणुकांची वही. कुठल्या तारखेला कोणाकडे काय, आणि पुढे दक्षिणा. आम्ही दोघांनी एप्रिल महिना ओळीने वाचला. पाडवा, रामनवमी, हनुमान जयंती, दोन मुंजी, लग्नं, सत्यनारायण, एक उदकशांत. तीस दिवसांपैकी एकोणीस दिवस दुपारचं जेवण यजमानांकडे. त्यातल्या चौदा दिवशी पानात गोड. सत्यनारायणाचा शिरा वेगळा, आणि त्यात रवा, तूप, साखर समसमान. चहा दर घरी एक, कधी दोन. वही समोर ठेवून त्यांनी बोटांवर मोजलं तेव्हा दिवसाला सात-आठ कप निघाले. कपाला दोन चमचे धरले तर सोळा चमचे साखर, सत्तर ग्रॅमच्या आसपास. जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली दिवसाची मर्यादा नुसत्या चहातच ओलांडली जात होती.

फ्रिजवरचा तक्ता उरलेल्या अकरा दिवसांचा होता.

मग त्यांनी स्वतःच एक गोष्ट दाखवली. मुलाने आणून दिलेल्या यंत्रावर ते आठवड्यातून दोनदा उपाशीपोटी साखर मोजत आणि वहीच्याच समासात लिहीत. एप्रिलमधले आकडे 170 ते 180. मे उजाडल्यावर 140, 146, 138. "मे महिन्यात काय वेगळं केलंत?" मी विचारलं. ते हसले. "काही नाही. यंदा मेमध्ये गुरू-शुक्र दोन्ही अस्ताला होते. लग्न नाही, मुंज नाही, वास्तुशांत नाही. घरीच बसून होतो."

इतकी स्पष्ट चाचणी मला ठरवूनही करता आली नसती. घरी जेवले की साखर उतरते, म्हणजे काकूंचं पथ्य उत्तम चाललं होतं. प्रश्न काकूंच्या स्वयंपाकघराचा नव्हताच. गुरुजींच्या पानात काय पडायचं हे चाळीस घरांतल्या बायका ठरवत होत्या, आणि त्यातली एकही माझ्याकडे येणार नव्हती.

पर्याय

पहिला सरळ पर्याय, बाहेर जेवायचंच नाही. मुलाचा यावर भर होता: डबा न्या, पूजा करा, डबा खा. गुरुजींनी तो ऐकून घेतला आणि म्हणाले, "यजमानाने ब्राह्मण जेवायला घालायचा म्हणून संकल्प सोडलेला असतो. मी डबा उघडून बसलो तर त्याचं कर्म अपुरं राहतं." यावर वाद घालायचा माझा अधिकार नव्हता. आणि व्यवहारातही ते खरं होतं. जेवायला नाही म्हणणारे भटजी पुढच्या वर्षी बोलावले जात नाहीत.

दुसरा, सगळ्यांना सांगून टाकायचं. मला हाच सोपा वाटत होता. चारांतल्या एका माणसाला हाच आजार, तर लपवायचं कशाला? पण त्यांना ते नको होतं. अंगठ्याची जखम तेव्हा कुठे भरत आली होती. लोक म्हणतील गुरुजींचं काही खरं नाही, दुसरे भटजी बघा. पोटावर पाय येण्याची ती भीती होती आणि ती खोटी नव्हती.

तिसरा, औषध वाढवून खाणं आहे तसं चालू ठेवायचं. कोणी तोंडाने म्हणत नाही, पण बहुतेक ठिकाणी प्रत्यक्षात हेच घडतं.

चौथा पर्याय गुरुजींनीच काढला. आषाढी एकादशी 17 जुलैला होती. चातुर्मासात एखादी गोष्ट वर्ज्य करायचा नियम धरतात. परान्न सोडणारेही असतात. परान्न सोडणं त्यांना शक्य नव्हतं, पण गोड सोडता येईल. "नियम आहे म्हटलं की कोणी आग्रह करत नाही. उलट मान देतात." मला ही युक्ती इतकी आवडली की मी पुढचा विचारच केला नाही. एवढंच सांगितलं की भाजी, दही, दूध, द्विदल असं एकेक महिना सोडायची जी चाल काही घरांत आहे, ती तेवढी धरू नका. नाहीतर श्रावणात भाजी गेली आणि कार्तिकात डाळ गेली की माझ्या हातात उरेल फक्त भात.

काय ठरलं

गोड वर्ज्य, चहा बिनसाखरेचा. 'नियमात साखर येते' एवढं कारण पुरलं. दोन-तीन घरांनी हौसेने गूळ घातलेला चहा पुढे केला, तेव्हा गूळही नियमात घ्यावा लागला. गूळ साखरेपेक्षा सात्त्विक असेल, रक्तात गेल्यावर मात्र दोघांची जात एकच.

पानातल्या भाताचं काय करायचं यावर आम्ही बराच वेळ घालवला. घरी उकडे तांदूळ असतात, पण नैवेद्याला ते चालत नाहीत, तिथे सुरय, म्हणजे न उकडलेलेच. उकड्याने साखर थोडी सावकाश चढते. थोडीच. प्रमाण सुटलं तर दोन्ही सारखेच. पंगतीत प्रमाणावर ताबा कसा ठेवायचा? वाढणारी बाई ओंजळभर भात टाकून पुढे सरकलेली असते.

मी सुचवलं की आधी कोशिंबीर, भाजी, उसळ खा आणि भात शेवटी. भाजी आणि डाळ आधी पोटात गेली की मागून येणाऱ्या भाताने साखर तितकी उसळत नाही, हे आता चांगलं माहीत आहे. गुरुजींनी मान हलवली. "प्राणाहुती भाताच्याच घ्याव्या लागतात." मग मार्ग निघाला तो असा: प्राणाहुतीचे पाच घास पाच शितांचे. तेवढं झाल्यावर डाव्या बाजूची कोशिंबीर, उजव्या बाजूच्या भाज्या, उसळ संपवायची. मग मधला भात, आणि तो मूळ मुदीएवढाच. दुसऱ्यांदा भात आला की पानावर हात आडवा. शास्त्राला काही धक्का नाही, पंगतीत कोणाच्या लक्षातही येत नाही.

त्यांना ते पटलं नव्हतं, म्हणून घरी दोन दिवस मोजून पाहिलं. तेच पान, तेवढाच भात. नेहमीच्या क्रमाने जेवल्यावर दोन तासांनी 214, भात शेवटी खाल्ल्यावर 176. दोन आकड्यांवरून सिद्धान्त मांडायचा नसतो, पण माझ्या दहा व्याख्यानांनी झालं नसतं ते काम त्या दोन आकड्यांनी केलं.

वामकुक्षीच्या आधी अंगणात पंधरा मिनिटं चालणं एवढं एकच व्यायाम म्हणून मागितलं. दिवसभर मांडी घालून बसणाऱ्या माणसाला सकाळी पाचला उठून 'वॉक'ला जा म्हणण्यात अर्थ नव्हता. पाचला ते सोवळ्यात असतात.

आणखी एक गोष्ट तक्त्यात कधीच बसली नसती. घरात येणारा शिधा. तांदूळ, नारळ, गूळ आणि केळी. साल्दाटी, रसबाळी, कुणाकडून मोयऱ्याची. पुरोहिताच्या घरात केळ्यांचा फणा संपत नाही आणि प्रसादाचं केळं टाकवत नाही. काकू संध्याकाळी दोन-दोन देत होत्या, 'फळच आहे' म्हणून. शेवटी फणा शेजारच्या बालवाडीत जाऊ लागला आणि नारळ घाण्यावर.

श्रावणातला दुसरा सोमवार

12 ऑगस्ट. एका यजमानाकडे लघुरुद्र. गुरुजींचा सोमवारचा उपवास, रात्रीपर्यंत. पहाटे साडेपाचला त्यांनी पाण्याबरोबर ग्लिमेपिराइडची गोळी घेतली. 'सकाळी घ्यायची' असं चिठ्ठीवर होतं. 'नाश्त्याआधी' हेही होतं, पण नाश्ता नसेल तर काय, हे कोणी सांगितलं नव्हतं. आदल्या रात्री आठनंतर पोटात अन्न नाही.

अकराच्या सुमारास आवर्तनात त्यांची जीभ अडखळली. चाळीस वर्षं पाठ असलेला रुद्र. शेजारच्या भटजींनी ओळ उचलली. गुरुजींना दरदरून घाम फुटला, हातातली पळी थरथरू लागली. यजमान म्हणाले, गर्मी आहे, पंखा लावा. त्या घरातली सून परिचारिका होती. तिने सासूचं साखर मोजायचं यंत्र आणलं. आज गोव्यात हे यंत्र नसलेलं घर शोधावं लागेल, त्याचा असा उपयोग झाला. आकडा 54. सत्तरच्या खाली गेलं की धोका सुरू होतो.

तिने साखरेचं पाणी पुढे केलं. गुरुजी मान हलवून नको म्हणाले, अभिषेक पुरा झाला नव्हता. तेव्हा त्या मुलीने पंचामृताच्या तबकातली साखरेची वाटी उचलली, तीन चमचे पाण्यात विरघळवले आणि म्हणाली, "ही देवाचीच आहे." ते प्यायले. पंधरा मिनिटांनी 83. मग केळं. मधल्या काळात कोणीतरी तुपातले लाडू पुढे करत होतं, ते तिने बाजूला ठेवलं. तुपाने साखर रक्तात पोचायला उशीर होतो.

मला दुपारी काकूंचा फोन आला.

ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं, मग तुम्ही जेवलेले असा वा नसा. मेटफॉर्मिनचं सहसा तसं नसतं. हे मला माहीत होतं. गुरुजींचे सोमवार, एकादश्या आणि पूजा होईपर्यंत उपाशी राहण्याची रीत, हे सगळं मी वहीत वाचलेलं होतं. जूनमध्ये नवी गोळी जोडल्याचं मला कळलं होतं. या तिन्ही गोष्टी माझ्या टेबलावर होत्या आणि मी डॉक्टरांना एक फोन केला नाही. 'औषध हा आपला प्रांत नाही' हे आम्हा आहारतज्ज्ञांचं ठरलेलं वाक्य आहे. प्रांत नसेलही, पण त्या माणसाचं पोट रिकामं कधी असतं ही माहिती डॉक्टरांकडे नव्हती, माझ्याकडे होती.

दुसऱ्या दिवशी वहीची दोन पानं घेऊन आम्ही तिघं डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पानं पाहिली, ग्लिमेपिराइड बंद केलं आणि सिटाग्लिप्टिन दिलं. त्याने साखर घसरण्याचा धोका बराच कमी. 2022 मध्ये त्याचं पेटंट संपल्यापासून किंमतही खिशाला झेपेल इतकी उतरली आहे. मेटफॉर्मिन सकाळऐवजी पहिल्या जेवणाबरोबर. पूजेच्या दिवशी पहाटे अर्धा पेला दूध आणि मूठभर बदाम. उपवासाला दोन्ही चालतात. एकादशीला साबुदाण्याची खिचडी बंद, कारण साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट. त्याऐवजी राजगिऱ्याची भाकरी, दही, दाणे. सोवळ्याच्या पिशवीत ग्लुकोजची पुडी. पुडीला त्यांनी नाव दिलं, 'सहावं अमृत'.

चवथ आणि पितृपक्ष

लघुरुद्राच्या घरातून बातमी गावभर झाली होती. लपवायचं काही उरलंच नाही. आणि गुरुजींना ज्याची भीती होती ते घडलं नाही. एकही घर सुटलं नाही. उलट प्रत्येक घरात कोणी ना कोणी आपला आकडा सांगायला लागलं. एका आजीने तर 'गुरुजी, तुमची गोळी कुठली?' असं संकल्पाच्या आधीच विचारलं.

7 सप्टेंबरला चवथ. पहाटे चारपासून दुपारी तीनपर्यंत अकरा गणपती. माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या चौकटीखाली, बसायचं, प्राणप्रतिष्ठा, पूजा, आरती, पुढचं घर. प्रत्येक ठिकाणी नेवऱ्या, मोदक, पंचखाद्य, कुठे मणगणं. त्यांनी स्वतःपुरता नियम केला: तीर्थ पळीभर, प्रसाद चिमूटभर. उरलेला प्रसाद केळीच्या पानात बांधून घरी. जेवण एकाच घरी, आणि ते घर त्यांनी विचार करून निवडलं, जिथे खतखतं भाज्यांनी गच्च असतं. बाकी दहा घरांत बिनसाखरेचं ताक. संध्याकाळी साखर 158. ते या आकड्यावर इतके खूष झाले की रात्री दोन पातोळ्या खाल्ल्या. मला सांगितलं, लपवलं नाही.

पितृपक्ष मात्र अवघड गेला. 18 सप्टेंबरपासून 2 ऑक्टोबरपर्यंत रोज एक श्राद्ध, कधी दोन. श्राद्धाला ब्राह्मण पोटभर जेवला तरच पितर तृप्त. इथे चिमूटभराचा नियम चालत नाही. खीर, वडे, आणि यजमान समोर हात जोडून उभे. माझ्याकडे याला चांगलं उत्तर नव्हतं. आजही नाही. त्यांनी दोनपैकी एक श्राद्ध दुसऱ्या भटजींकडे दिलं, रात्रीचं जेवण सोडून ताक आणि भाजीवर भागवलं आणि खिरीची वाटी अर्धी ठेवली. दक्षिणा बुडाली ती बुडालीच. पथ्याची किंमत लिहिताना हा रकाना आम्ही कधी धरत नाही.

निकाल

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात एचबीए1सी 7.6. जानेवारी 2025 मध्ये 7.0, वजन साडेबहात्तर, घेर 95. अंगठा केव्हाच बरा झाला होता. देवळाबाहेर आता चप्पल असते आणि रात्री काकू टॉर्च घेऊन तळवे बघतात.

त्या तपासणीत काकूंचीही साखर मोजून घेतली. उपाशीपोटी 112, म्हणजे उंबरठ्यावर. नऊ महिने नवऱ्याच्या पानावर लक्ष ठेवणारी बाई स्वतः मागे उरलेला शिरा संपवत होती.

जून 2025 मध्ये आकडा पुन्हा 7.4. त्या वर्षी मेमध्ये लग्नं होती, मुंजी होत्या आणि चातुर्मासाचा नियम कार्तिकीला, 12 नोव्हेंबरलाच सुटला होता. शिवाय मानकुराद. आंब्याच्या दिवसांत गोव्यातल्या माणसाला आंबा बंद म्हणणारा आहारतज्ज्ञ मी अजून पाहिलेला नाही. अर्धा फळ, जेवणाबरोबर नाही तर सकाळी, असं ठरलं होतं. अर्ध्याचं एक कधी झालं ते वहीत लिहिलेलं आहे.

पुन्हा करायचं तर

'काल काय खाल्लंत' हा प्रश्न मी आता पहिला विचारत नाही. आधी विचारते: गेल्या पंधरा दिवसांत कुठे कुठे जेवलात, आणि वाढलं कोणी? बसचालक, आचारी, कारखान्यातले रात्रपाळीवाले, सगळ्यांचं 'घरचं जेवण' कागदावर सुंदर असतं. बायको शेजारी असेल तर उत्तर तिला देऊ देते आणि मग नवऱ्याकडे वळून तोच प्रश्न पुन्हा विचारते.

उपवासांची यादी पहिल्याच भेटीत घेऊन ती डॉक्टरांना पाठवते. गोळी जोडली गेल्यावर नव्हे, आधी.

चातुर्मासाच्या नियमाबद्दल माझं मन अजून दोन्हीकडे आहे. गोड त्यानेच सुटलं, यात शंका नाही. पण त्याच आडोशामुळे आजार लपून राहिला आणि लघुरुद्राच्या दिवशी त्या घरात कोणाला काही माहीत नव्हतं. सून परिचारिका नसती तर? नियम धरायचा तर निदान प्रत्येक घरातल्या एका माणसाला खरं कारण सांगायचं, एवढी अट मी तेव्हा घालायला हवी होती. गुरुजींना हे मान्य नाही. त्यांच्या मते ती बातमी तशीच, आपोआप पसरायला हवी होती. त्यांनी स्वतः सांगितली असती तर लोकांना ती तक्रार वाटली असती.

केळ्यांचा आणि तिजणाचा घोळ मात्र एका घरभेटीत सुटला असता. मी घरी गेलेच नव्हते.

2025 च्या आषाढीच्या आदल्या दिवशी, 5 जुलैला, ते येऊन गेले. वही नवी होती, पुठ्ठा तोच लाल. दक्षिणेच्या रकान्याशेजारी त्यांनी आणखी एक रकाना आखला होता. चवथीच्या, 27 ऑगस्टच्या, पानावर नऊच गणपती होते. दोन पुतण्याकडे दिले, म्हणाले. मग पिशवी उचलता उचलता विचारलं, "ताई, यंदा नियम कसला धरू? गोड तर आता तसंही सुटलंय."

मी म्हटलं, दुसऱ्यांदा भात.

ते दारातच थांबून विचार करत राहिले. "गोड सोपं होतं हो," म्हणाले.